खाकरून आत यावे

आमच्या आगरदांड्यात खाकरण्याला मोठा मान आहे. कोणाच्या घरी जायचे झाले, की अंगणात पाऊल टाकताना एकदा घसा साफ करायचा. घसा बसलेला असतो म्हणून नव्हे. आतल्या माणसाला कळावे म्हणून. तेवढ्या वेळात आतली बाई पदर सावरते, आजोबा अंगात सदरा घालतात, आणि नवराबायकोचे भांडण चालले असेल तर ते अर्ध्या वाक्यावर थांबून त्याचे 'या, बसा' होते. दिवसा दारे लावून घेण्याची चाल इकडे नाही. ओटीवरून माजघरात जायच्या वाटेवर दार असले तरी ते उघडेच असते. उरतो तो उंबरठा. चार बोटे उंचीचे लाकूड ते! त्याने मांजरसुद्धा अडत नाही. माणूस मात्र अडतो. निदान अडावा, अशी अपेक्षा असते.

मी एकदा अडलो नाही. कोणाच्या घरात शिरलो, असे नाही. शिरलो तो एका संगणकात. पण त्या दिवसापासून ही खाकरण्याची रीत माझ्या मनातून जात नाही. आणि दिवाळीच्या दिवसांत, जेव्हा सगळ्यांचीच दारे उघडी असतात, तेव्हा ती गोष्ट एकदा सांगून टाकावी असे वाटले.

शाळेच्या शिक्षकखोलीत एक म्हातारा संगणक होता. नव्या विंडोजचे ओझे त्याला पेलवेना, म्हणून तो कोपऱ्यात धूळ खात पडला होता. सुटीत आलेल्या माझ्या भाच्याने त्याच्यावर लिनक्स घातले आणि त्याला चालता केला. लिहिण्यापुरती एक साधी खिडकी, आणि ऑफिसातल्या संगणकाशी बोलायला एक काळी खिडकी, एवढाच त्याचा संसार. शाळेत प्रिंटर एकच, आणि तो ऑफिसातल्या संगणकाला जोडलेला. व्हरांड्याच्या वाशांवरून गेलेली एक केबल, हाच काय तो दोघांमधला संबंध.

"मामा, इथं चित्रावर बोट ठेवून काही होणार नाही," भाचा म्हणाला. "इथं मागायचं असतं. जे हवं त्याचं नाव घेऊन मागायचं."

मागण्याच्या त्या साधनाचे नाव एसएमबीक्लायंट. शालान्त परीक्षेच्या पलीकडे न गेलेल्या माझ्यासारख्याला ते नाव तोंडात बसायलाच दोन दिवस लागले. पण वापरू लागल्यावर माझा त्याच्यावर जीव जडला. दोन तिरप्या रेघा, मग पलीकडच्या संगणकाचे नाव, मग आणखी एक तिरपी रेघ, आणि त्यापुढे, त्या संगणकाने सामायिक ठेवलेल्या कप्प्याचे नाव, असा पत्ता लिहायचा. आपण कोण ते सांगायचे. तो परवलीचा शब्द विचारतो, आणि ओळख पटली की एक छोटीशी खूण दाखवून आज्ञेची वाट पाहत बसतो. 'एलएस' म्हटले की कप्प्यात काय काय आहे त्याची यादी. 'गेट' म्हणून नाव घेतले की ती फाईल तुमच्याकडे. 'पुट' म्हटले की तुमची फाईल तिकडे. पत्ता प्रिंटरचा दिला असेल तर 'प्रिंट' म्हणायचे, आणि 'क्यू' म्हणून आपला नंबर कितवा ते पाहायचे. पान आधी प्रिंटरला कळेल अशा रूपात करून घ्यावे लागते. तेवढी सोय भाच्याने करून ठेवली होती. या साधनाला अंदाज बांधता येत नाही आणि आगाऊपणे काही सुचवताही येत नाही. एक अक्षर चुकले तर ते सरळ नाही म्हणते, आणि बरोबर मागितले तर मुकाट्याने देते. वर्गातली मुले अशी असती तर, असे माझ्या मनात येऊन गेले; आणि लगेच, नाहीत तेच बरे, असेही वाटले.

पत्त्यातले नाव आठवले नाही तर त्याचीही तजवीज आहे. आज्ञेत 'एल' हे मोठे अक्षर घालून नुसते संगणकाचे नाव घेतले, की त्याने जे जे सामायिक केले आहे त्याची तीन रकान्यांची यादी येते: नाव, प्रकार, शेरा. सहामाही परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी प्रश्नपत्रिका छापायला बसलो होतो. शाळा सुटून गेली होती. प्रिंटरचे नाव आठवेना, म्हणून यादी मागवली. यादीत प्रिंटर होता, प्रश्नपत्रिकांचा कप्पा होता. आणि आणखी एक नाव होते, जे मी कधी ऐकले नव्हते. त्याच्या शेवटी डॉलरचे चिन्ह होते.

त्या चिन्हाचा अर्थ भाच्याने मला नंतर सांगितला. विंडोजच्या जगात सामायिक कप्प्याच्या नावापुढे डॉलर लावला, की तो कप्पा इतरांच्या पडद्यावर दिसत नाही. पण त्याला लपवतो कोण? देणारा संगणक नव्हे. तो विचारणाऱ्याला पुरी यादी देतो, डॉलरसकट. ती यादी घेणारा विंडोजच डॉलरची नावे गाळून उरलेली आपल्याला दाखवतो. म्हणजे हे कुलूप नव्हे. हा शिष्टाचार आहे. ओटीवर बसलेल्या पाहुण्याने माजघराकडे पाठ करून बसावे, तसा. एसएमबीक्लायंटला हा शिष्टाचार कोणी शिकवलेला नाही. जी यादी येते ती तो जशीच्या तशी वाचून दाखवतो. ऑफिसातल्या क्लार्कने डॉलर लावला आणि त्याला वाटले, आडोसा झाला. आत जाण्याची परवानगी मात्र सगळ्यांनाच राहिली होती. कारण प्रिंटरसाठी सर्व शिक्षकांना मिळून जे एकच नाव आणि एकच परवलीचा शब्द दिला होता, तोच तिथेही चालत होता.

आमच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा उभा आहे. राजपुरीकडून होडीने निघाले की किल्ल्याची तटबंदी दिसते, बुरूज दिसतात; पण होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. मोठ्या कौतुकाने आम्ही पाहुण्यांना हे दाखवतो. पण तो बांधणारे दार लपवून स्वस्थ बसले नव्हते. तटावर तोफा होत्या. लपवणे निराळे आणि राखणे निराळे, हे त्यांना ठाऊक होते. आपण मात्र लपवले की राखले, असे समजतो.

तर मी आत गेलो. हे स्वच्छ सांगतो, कारण 'सहज गेलो' असे लिहिण्याचा मोह मला तीनदा झाला आणि तीनदा मी तो शब्द खोडला. नाव पाहिले. ते प्रश्नपत्रिकांचे नाही हे मला कळले. तरीही ते टंकले. यादी आली. तिच्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीचे नाव होते. 'गेट' म्हटले, आणि फाईल माझ्याकडे आली. तिच्या आईने शाळेला विश्वासाने लिहिलेला तो अर्ज होता.

त्या अर्जात काय होते ते मी सांगणार नाही. सांगितले तर हा लेख लिहिण्याचा मला अधिकारच उरणार नाही. ती मुलगी होती की मुलगा, अर्ज आईचा होता की आणखी कोणाचा, यातल्या गोष्टीही मी बदलून लिहिल्या आहेत. एवढेच सांगतो, की ते दुःख होते, आणि ते वर्गात कोणाला कळू नये अशी त्यात विनंती होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तो निराळाच माणूस होऊन. तिला मी गृहपाठ विचारला नाही. तिच्याशी बोलताना माझा आवाज आपोआप खाली येऊ लागला. आठवड्याने मी तिला चार वह्या आणि एक कंपासपेटी दिली. जास्तीची होती, असे म्हणालो. दोन दिवसांनी तिने ते सारे माझ्या टेबलावर आणून ठेवले.

"सर, आहेत आमच्याकडं वह्या."

आणि जायला वळून पुन्हा थांबून म्हणाली, "सर, तुम्हांला कुणी काही सांगितलं का?"

"नाही," मी म्हणालो. ते अक्षरशः खरे होते. मला कोणीच काही सांगितले नव्हते.

त्यानंतर ती पहिल्या बाकावरून तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. उत्तर येत असले तरी तिचा हात वर होईनासा झाला. माझी दया तिच्यापर्यंत पोचली होती, आणि दयेच्या पाठोपाठ, ती कोठून आली हा प्रश्नही पोचला होता. चांगुलपणासुद्धा चोरीच्या भांडवलावर करता येत नाही, हे मला तेव्हा कळले.

दुसरा अपराध याहून मोठा आहे. मी कादंबऱ्या लिहितो. लेखक हा जन्मजात डोकावणारा प्राणी. उघड्या खिडकीपुढून तो सरळ चालत जात नाही. त्या अर्जातली दोन वाक्ये माझ्या डोक्यात घोळू लागली, आणि एका रात्री मी त्यावरून कथेची दोन पाने लिहून काढली. वाईट म्हणजे, ती पाने चांगली उतरली होती.

ती पाने पुढ्यात ठेवून मी स्वतःचे वकीलपत्र घेतले. पहिला मुद्दा अर्थातच हा, की दार उघडे होते. मी कुलूप फोडले नाही, कोणाचा परवलीचा शब्द चोरला नाही. मला दिलेल्या नावाने, मला दिलेल्या शब्दाने मी मागितले आणि त्या यंत्राने दिले. यंत्राने परवानगी दिली असताना मी आणखी कोणाची घ्यायची?

दुसऱ्या मुद्द्यासाठी मी या साधनाच्या जन्मकथेचाच आधार घेतला. संगणकांनी एकमेकांच्या फाईली आणि प्रिंटर वापरण्याची ही भाषा १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या एका संशोधक विद्यार्थ्याला आपला छोटा संगणक विद्यापीठातल्या मोठ्या संगणकाशी बोलता करायचा होता. ती भाषा शिकवणारे पुस्तक त्याच्यापाशी नव्हते. तेव्हा तारेवरून दोन संगणकांत काय बोलणे होते ते तो ऐकत बसला. पुढे २००३ साली त्याने हे एका दृष्टान्ताने समजावून दिले. फ्रेंच येत नसलेला माणूस फ्रान्समधल्या एखाद्या उपाहारगृहात रोज जाऊन बसतो. गिऱ्हाईक काय म्हणाले की वेटर काय घेऊन येतो, हे पाहत राहतो. मग स्वतः एखादा शब्द उच्चारून बघतो. अशाने हळूहळू भाषा कळते. त्यातून जे उभे राहिले त्याला एस, एम आणि बी ही अक्षरे असलेला शब्द यादीतून शोधून 'सांबा' हे नाव दिले गेले. एसएमबीक्लायंट हे त्याचेच अपत्य. ते सर्वांना फुकट, आतल्या रचनेसह, खुले आहे. त्या भाषेचे अधिकृत कागद सांबाच्या मंडळींना मिळाले ते डिसेंबर २००७ मध्ये, युरोपीय आयोगाने २००४ साली मायक्रोसॉफ्टविरुद्ध दिलेला निर्णय न्यायालयात टिकल्यावर.

मग दुसऱ्याचे बोलणे ऐकणारा तो थोर, आणि मी तेवढा अपराधी? या मुद्द्यावर मी एक संध्याकाळ समाधानात घालवली. पण ते टिकले नाही. उपाहारगृहात बसलेला तो माणूस शब्द ऐकत होता. शेजारच्या टेबलावरच्या नवराबायकोचे दुःख ऐकत नव्हता. त्याने घेतली ती बोलण्याची रीत. ती कोणी घेतल्याने मूळच्या बोलणाऱ्याचे काही कमी होत नाही, आणि घेऊन त्याने ती जगाला वाटून टाकली. मी घेतले ते मात्र असे होते, की मी घेताच ज्याचे होते त्याच्याकडचे कमी झाले. त्या मुलीचे गुपित एका माणसाने उणे झाले.

तेव्हा ठरवले, की उंबरठ्याचा मान राखावा. कुलूप असो वा नसो, रीत पाळावी. पण हे ठरवताच मला महाड आठवले, आणि मी पुन्हा अडखळलो.

महाड आमच्याच जिल्ह्यातले. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांनाही खुले असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर परवानगी पुरी होती. पण तळ्याच्या काठावर जी अदृश्य रेघ होती, ती ओलांडणे कोणाला शक्य होत नव्हते. कुलूप नव्हते, भिंत नव्हती. होती ती नुसती रीत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यांच्या अनुयायांना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. आणि न्यायालयात शेवटचा शब्द पडायला १९३७ साल उजाडले. आपली रीत, आपला उंबरठा, असे मोठ्या प्रेमाने बोलताना माझ्यासारख्याने हे विसरू नये. याच मातीत रीतीच्या नावाखाली माणसांना पाणी नाकारले गेले आहे. तिथे न खाकरता, न विचारता पुढे जाणे हाच धर्म होता.

म्हणजे एके ठिकाणी रेघ ओलांडणारा वंदनीय आणि दुसऱ्या ठिकाणी निंद्य. मग फरक कशात? पुष्कळ दिवस विचार केल्यावर मला जे सुचले ते असे. दार उघडे आहे की बंद, हा प्रश्न आपण पहिल्यांदा विचारतो, आणि तोच चुकीचा असतो. विचारायचे ते दुसरेच: आतले जे आहे ते कोणाचे? आणि 'येऊ नका' म्हणण्याचा हक्क कोणाला? चवदार तळे कोणा एकाचे नव्हते. म्हणून 'येऊ नका' असे म्हणण्याचा हक्क कोणालाच नव्हता, मग काठावर कितीही माणसे ते म्हणोत. सरकारी दप्तरांचेही तसेच. ती आपल्या सगळ्यांची, म्हणून तर २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. तो अर्ज मात्र माझा नव्हता, क्लार्कचा नव्हता, खरे म्हणजे शाळेचाही नव्हता. शाळेपाशी तो ठेव म्हणून होता. 'येऊ नका' म्हणण्याचा हक्क फक्त त्या मायलेकींना होता, आणि त्यांनी तो अर्जातच लिहून बजावला होता. यंत्राने 'या' म्हटले असेल. पण यंत्र त्या घरचे नव्हते.

आणखी एक खूण मला दिसते. वाईट रेघ बलवानाच्या सोयीसाठी दुबळ्याला अडवते. चांगली रेघ दुबळ्याच्या रक्षणासाठी बलवानाला अडवते. वर्गात मी बलवान आहे. माझ्या हाती खडू आहे, गुण आहेत, हजेरी आहे. त्या मुलीपाशी तेवढे एक न सांगणे होते, आणि तेही मी काढून घेतले.

क्लार्कला सांगणे भाग होते. मी ते आठ दिवस लांबवले, कारण कप्पा उघडा आहे असे सांगायचे म्हणजे मी तो उघडला असे सांगणे आले. शेवटी एकदा गेलो.

"त्याला डॉलर लावलाय ना, सर! कुणाला दिसतच नाही."

"मला दिसला."

"बरं, दिसला. पण आपल्या शाळेतलीच माणसं ना सगळी?"

"मी वाचलं," मी म्हणालो.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग काही न बोलता संगणकाकडे वळला. त्याने त्या कप्प्याची परवानगी फक्त दोन नावांपुरती ठेवली, आणि पुढल्या आठवड्यात प्रत्येक शिक्षकाला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र परवलीचा शब्द दिला. त्या संध्याकाळी काळ्या खिडकीत मी तोच पत्ता पुन्हा लिहून पाहिला. 'अ‍ॅक्सेस डिनाइड', असे उत्तर आले. मला फार बरे वाटले. दार नीट लागले की नाही ते तपासायला मी गेलो होतो; निदान मी स्वतःला तसे सांगितले.

फाईलची प्रत पुसली, कथेची पाने फाडली. मनातून मात्र ते पुसता येत नाही. तशी आज्ञा कोणत्याच यंत्रात नाही.

आणि त्या मुलीची क्षमा? ती अजून मागितलेली नाही. पुष्कळदा ठरवले. पण क्षमा मागायची म्हणजे 'मला ठाऊक आहे' असे तिला सांगणे. म्हणजे माझ्या मनाचा भार हलका करण्यासाठी तिच्या माजघरात दुसऱ्यांदा न खाकरता शिरणे. ती आता शाळा सोडून गेली. मधे एकदा धक्क्यावर दिघीच्या फेरीबोटीची वाट पाहत उभी असलेली दिसली. तिने लांबूनच नमस्कार केला. मीही केला. मनात शब्द आले होते. ते तिथेच राहिले. हे बरोबर झाले की भित्रेपणाचे, याचा निकाल मला अजून लागलेला नाही.

आता दिवाळी आली. घरोघर फराळाची ताटे जातील, आणि प्रत्येक ताटावर रुमाल असेल. त्या रुमालाखाली काय आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते. वाटेत तो उचलायला एक बोट पुरे. लहानपणी मी तो उचलून करंजी खाल्लेली आहे, आणि ताटातली एक जागा रिकामी पाहून शेजारच्या काकू काही बोलल्या नाहीत, हेही मला आठवते. यंदा ताट घेऊन मीच जाणार आहे. शेजारचे दार उघडे असेल. मी अंगणात खाकरेन, आणि आतून कोणी 'या' म्हणेपर्यंत तिथेच उभा राहीन.